ठिणगी कुठे पडते
(प्रस्तावना)

मे २००० मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, लॉस अलामॉस गावाजवळ, सरकारी खात्याने मुद्दाम लावलेली नियंत्रित आग हाताबाहेर गेली आणि गावात शिरली. दोनशेहून अधिक घरे जळाली. अमेरिकी वनसेवेतले संशोधक जॅक कोहेन पाहणीला गेले, तेव्हा त्यांना जागोजाग एकच विसंगती दिसली. घराची राख झालेली, आणि त्या राखेला लागून उभी असलेली पाइनची झाडे मात्र हिरवी. रानातून ज्वाळांची भिंत चालून आली आणि तिने घरे गिळली असती, तर आधी झाडे जायला हवी होती. प्रत्यक्षात पाइनच्या वाळक्या सुयांच्या थरातून घोट्याएवढी आग सरपटत आली होती. ती कुठे लाकडी कुंपणाला, कुठे भिंतीशी रचलेल्या सरपणाला लागली, आणि पुढचे काम घरांनीच केले. एका घराने दुसरे पेटवले, दुसऱ्याने तिसरे.

कोहेन या प्रश्नाच्या मागे आधीपासूनच होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये शास्त्रज्ञांनी रानाचे तुकडे मोजून-मापून पेटवले होते, आग शेंड्यांवरून धावेल अशा बेताने. त्या रानाच्या कडेपासून दहा, वीस आणि तीस मीटरवर कोहेन यांनी लाकडी भिंती उभ्या केल्या होत्या. दहा मीटरवरच्या काही भिंतींनी पेट घेतला. वीस आणि तीस मीटरवरच्या पेटल्या नाहीत, समोर झाडाच्या दुप्पट उंचीच्या ज्वाळा असूनही. कारण साधे आहे. शेंड्यांची आग भयंकर असते, पण एका जागी ती जेमतेम मिनिटभर टिकते, आणि लाकडाला पेटायला आच सतत लागते. आरती घेताना आपण ज्योतीवरून तळवा फिरवतो तेव्हा भाजत नाही. तोच तळवा ज्योतीवर धरून ठेवला तर भाजतो.

या दोन गोष्टींतून जे निघाले त्यावर हे सगळे पुस्तक उभे आहे. वणव्यात घर राहील की जाईल हे डोंगरावरच्या रानापेक्षा घर स्वतः आणि त्याच्या भोवतीची शंभर-दोनशे फूट जागा जास्त ठरवते. ही जागा बहुधा घरमालकाची असते, आणि वस्ती दाट असेल तर तिच्यातली बरीचशी शेजाऱ्याची असते. वाक्य ऐकायला सोपे आहे. पण गेली वीस-पंचवीस वर्षे ते सांगूनही लोकांच्या गळी उतरत नाही, कारण दूरचित्रवाणीवर दिसते ती डोंगरावरची ज्वाळांची रांग आणि वरून लाल द्राव सोडणारे विमान. पन्हळीत साठलेल्या पाल्याला लागलेली वीतभर आग कोणताही कॅमेरा टिपायला जात नाही.

पुस्तक लिहिले आहे ते कॅलिफोर्नियात घर घेतलेल्या, घेऊ पाहणाऱ्या, किंवा लेकाच्या-लेकीच्या घरी चार-सहा महिने राहायला येणाऱ्या मराठी माणसासाठी. इंग्रजीत या विषयावर सरकारी पत्रकांचा ढीग आहे. मग मराठीत वेगळे पुस्तक कशाला, असे मला आधी वाटले होते. हस्तलिखित वाचल्यावर ती शंका उरली नाही. आपली अडचण इंग्रजी न समजण्याची नाही. घर म्हणजे काय याची आपली जी समजूत मायदेशात पक्की झालेली असते, तिची अडचण आहे.

पुण्या-मुंबईत घर म्हणजे आरसीसीचा सांगाडा आणि विटांच्या भिंती. कोकणात जांभ्याचा चिरा आणि वर कौले. अशा घराला आग लागली तर सामान जाते, वासे जातात, भिंती उभ्या राहतात. आपल्याकडच्या वणव्याने माणसाचे नुकसान होते ते काजू-आंब्याच्या बागेचे, गोठ्याचे, गवताच्या उडवीचे. कॅलिफोर्नियातले घर लांबून सिमेंटचे दिसते, पण तो नुसता वरचा स्टकोचा लेप असतो, इंचभरही जाड नसलेला. आत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर प्लायवूड किंवा लाकडाच्या कपच्या दाबून केलेले तक्ते. भूकंपाच्या प्रदेशात असे हलके, लवचीक घर बांधणे शहाणपणाचेच आहे. पण वणव्याच्या नजरेने पाहिले तर त्या गल्लीतले सर्वांत मोठे सरपण म्हणजे ते घरच. एक झाड पेटून मिनिटांत विझते. घर तासन् तास जळते, आणि त्या वेळात दहा-पंधरा फुटांवरच्या दुसऱ्या घराला सतत आच देत राहते. कोहेन यांच्या दूरच्या भिंतींचे रानाच्या आगीला जे करता आले नाही, ते शेजारचे घर आरामात करते.

पहिले घर पेटते कशाने? बहुतेक वेळा ठिणगीने. वाऱ्यावर स्वार झालेल्या जळत्या काटक्या, साली, शेंगा मुख्य आगीच्या मैलभर पुढे जाऊन पडतात. २००७ च्या ऑक्टोबरात सान दिएगोजवळची विच क्रीकची आग रँचो बर्नार्डोत शिरली. आज आपल्या लोकांची चांगली वस्ती असलेले हे उपनगर. तिथल्या एका वसाहतीची घरन् घर पाहणी निस्ट या सरकारी संस्थेने केली. जळालेल्या घरांपैकी दर तीनांतली दोन घरे प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष ठिणग्यांमुळे गेल्याचे त्यांना आढळले. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या आयबीएचएस या संशोधन संस्थेने साउथ कॅरोलायनात एकशे पाच पंख्यांची एक अजस्र भिंत उभारली आहे. तिच्यासमोर अख्खे घर बांधून त्यावर ठिणग्यांचा पाऊस पाडतात. त्या चित्रफिती ज्याला शक्य असेल त्याने जरूर पाहाव्यात. ठिणग्या घरावर आपटतात आणि वाळू जशी पायथ्याशी साठावी तशा कोपऱ्यांत साठत जातात. वाऱ्याने जिथे पाला साठतो तिथेच त्याच वाऱ्याने ठिणग्याही साठतात. म्हणजे घराचा कमकुवत कोपरा कोणता हे आग लागण्याआधी वर्षभर घरच आपल्याला दाखवत असते. झाडणाऱ्याला तो ठाऊक असतो, घरमालकाला नसतो.

लेखकांनी या कोपऱ्यांवर पुस्तकाचा जवळजवळ निम्मा भाग खर्च केला आहे आणि तो सार्थकी लागला आहे. छपरापासून सुरुवात आहे, कारण छप्पर जळके असेल तर बाकी सगळे व्यर्थ. लाकडी फळकुटांची छपरे एके काळी इथे प्रतिष्ठेची मानली जात. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसच्या बेल एअर या धनिकांच्या वस्तीतली ४८४ घरे जळाली त्यात अशाच छपरांचा मोठा वाटा होता. तरी त्या शहराने अशा छपरांवर पूर्ण बंदी घालायला १९८९ उजाडले. आता डांबरी शिंगल, कौल किंवा पत्रा असल्यामुळे छप्पर क्वचितच पहिले पेटते. पेटते ते त्याच्या कडेचे. पन्हळीतला पाला. दोन उतार जिथे मिळतात तिथला कचरा. कौलांच्या टोकाची उघडी तोंडे, ज्यांत चिमण्या घरटी करतात.

मग वळचण. माळ्यावर हवा खेळती राहावी म्हणून वळचणीखाली जाळीची तोंडे ठेवलेली असतात. जुन्या घरांत ही जाळी पाव इंचाची असते. तिच्यातून ठिणगी सहज आत जाते आणि माळ्यावर ठेवलेल्या खोक्यांवर, उन्हाळी कपड्यांवर पडते. अशी घरे आतून बाहेर जळतात. बाहेर उभ्या असलेल्या अग्निशमन जवानाला घर शाबूत दिसते आणि थोड्या वेळाने छपरातून धूर येऊ लागतो. पाव इंचाच्या जाळीच्या जागी एक अष्टमांश इंचाची धातूची जाळी बसवणे हे काम शनिवारच्या एका सकाळचे आहे. अख्ख्या पुस्तकात याहून स्वस्त आणि याहून गुणकारी सल्ला दुसरा नाही, असे माझे मत आहे.

त्यानंतर भिंतीलगतचे पाच फूट. इथल्या बागकामात झाडांच्या बुंध्याशी सालीचा भुगा पसरण्याची पद्धत आहे. तो सुंदर दिसतो, ओल धरतो, आणि ऑक्टोबरात वाळून कोरडाठाक झालेला असतो. भिंतीला टेकवलेले लाकडी कुंपण ही तर ज्योतीची वातच. कुंपणाचे शेवटचे पाच फूट लोखंडी केले तर ती वात तुटते. खिडकीखाली लावलेले ज्युनिपरसारखे तेलकट झुडूप, डेकखाली रचलेले जुने फर्निचर, भिंतीशी ठेवलेला प्लास्टिकचा कचऱ्याचा डबा, दाराशी काथ्याचे पायपुसणे. यादी मोठी आहे आणि तिच्यातली एकही वस्तू धोक्याची वाटत नाही. कोकणातून आलेल्या आजोबांना यातले निम्मे सांगावे लागत नाही. गवताची उडवी घराला लागून रचायची नसते आणि माघ-फाल्गुनात घराभोवतीचे गवत काढून टाकायचे असते, हे त्यांनी लहानपणापासून केलेले असते. इथे आल्यावर मात्र ते मुलाचे अंगण त्याच्या माळ्याच्या स्वाधीन आहे असे समजून गप्प बसतात.

आपल्या सणांबद्दलचे परिच्छेद पुस्तकात थोडे दबक्या आवाजात आले आहेत. मला ते अधिक ठणकावून हवे होते. कॅलिफोर्नियात उन्हाळाभर पाऊस नसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत रान पार सुकलेले असते आणि नेमके त्याच वेळी आतल्या वाळवंटी प्रदेशाकडून समुद्राकडे कोरडे, सुसाट वारे सुटतात. उत्तरेत त्यांना डायब्लो म्हणतात, दक्षिणेत सांता आना. हेच आपले दसरा-दिवाळीचे दिवस. दाराला आंब्याच्या किंवा मिळेल त्या पानांचे आणि झेंडूचे तोरण, जे दसऱ्याला लावलेले असते आणि दिवाळीपर्यंत चुरचुरीत वाळलेले असते. वळचणीला कागदी आकाशकंदील, अंगणात पणत्या, आणि जमले तर कुठून तरी आणलेले फटाके. रेड फ्लॅग वॉर्निंग, म्हणजे हवामान खात्याचा आगीच्या वाऱ्याचा इशारा, लागू असताना पणती घरात लावावी, तोरण उतरवून ठेवावे आणि फटाक्यांचा विचारही करू नये. यात धर्म बुडत नाही.

पॅरडाइज या कॅलिफोर्नियातल्या गावाचे प्रकरण पुस्तकाच्या मध्यावर आहे आणि ते तिथेच असायला हवे. ८ नोव्हेंबर २०१८, आपला दिवाळीचा पाडवा. सकाळी साडेसहाच्या सुमारास फेदर नदीच्या दरीत, पुल्गा या वस्तीजवळ, पीजी अँड ई या वीज कंपनीच्या शंभरीला टेकलेल्या वाहिनीच्या मनोऱ्यावरचा एक झिजलेला हुक तुटला. तार लोंबकळली, ठिणग्या खालच्या गवतावर पडल्या. दरीतून वारा वाहत होता. दोन तासांच्या आत आग साधारण २६,००० वस्तीच्या पॅरडाइजमध्ये होती. एकूण ८५ माणसे गेली, १८,००० हून अधिक इमारती नष्ट झाल्या. कंपनीने २०२० मध्ये न्यायालयात ८४ मृत्यूंबद्दल सदोष मनुष्यवधाची कबुली दिली. गावाची नंतरची छायाचित्रे लॉस अलामॉससारखीच होती. पायथ्याचे चौथरे उरलेले आणि मधून मधून उभे उंच पाइन.

या आगीनंतर आकड्यांची झाडाझडती झाली. कॅलिफोर्नियात २००८ पासून वणव्याच्या पट्ट्यातल्या नव्या घरांसाठी बांधकामाचे कडक नियम लागू आहेत. मॅक्लॅची वृत्तसमूहाने हिशेब मांडला. पॅरडाइजच्या आगीत २००८ नंतर बांधलेल्या घरांपैकी ५१ टक्के वाचली, त्याआधीच्या घरांपैकी १८ टक्के. नियम करणाऱ्यांना पाठ थोपटून घ्यावीशी वाटेल असा आकडा. पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बारकाईच्या अभ्यासाने त्यात मीठ टाकले. घर वाचण्या-न वाचण्याशी सर्वांत घट्ट जोडलेली गोष्ट त्यांना दिसली ती जवळच्या जळालेल्या इमारतीचे अंतर. माझे घर नवे, जाळी बारीक, पाच फूट स्वच्छ, आणि शेजारचे घर जुने, त्याच्या भिंतीला लाकडे टेकलेली. अशा वेळी माझा नवेपणा काही तास पुरतो, पुढे नाही. सांता रोझामधल्या कॉफी पार्कच्या रहिवाशांना तर आपण वणव्याच्या पट्ट्यात आहोत याचीच कल्पना नव्हती. सरकारी नकाशातही ते तसे नव्हते. २०१७ च्या ऑक्टोबरात आगीने सहा पदरी महामार्ग ओलांडला आणि सपाट, नीटनेटक्या गल्ल्यांमधली हजाराहून जास्त घरे एका रात्रीत एकमेकांना पेटवत गेली.

म्हणून या पुस्तकाच्या नावात घराबरोबर वस्ती आहे. आपल्या लोकांना इथे थोडे जड जाते. मंडळाच्या गणपतीला आपली शे-दोनशे माणसे ओळखीची असतात, पण ती तीस मैलांच्या परिघात विखुरलेली. आगीच्या हिशेबात शेजारी म्हणजे तीस फुटांवरचा, आणि त्याचे नाव आपल्याला बहुधा माहीत नसते. त्याच्या दारावर जाऊन तुमच्या पन्हळीतला पाला काढा असे सांगायची सोय नसते, आणि सांगूही नये. फायरवाइज यूएसए ही योजना २००२ पासून यासाठीच चालते. गल्लीतली घरे एकत्र येतात, वनखात्याचा किंवा अग्निशमन दलाचा माणूस बोलावून सगळ्यांची पाहणी करून घेतात, आणि वर्षाकाठी ठरावीक काम करतात. एकत्र केले की कोणी कोणाचे उणे काढत नाही. पाला-फांद्या उचलायला ट्रक एकदाच येतो. घरमालकांच्या संघटनेच्या बैठकीत जाऊन तीन मिनिटे बोलण्याचे धाडस ज्याच्याकडे आहे, त्याने ते या कामासाठी वापरावे. गवताची लांबी आणि दाराचा रंग यांवर तिथे पुष्कळ वेळ जातोच.

रान इतके का पेटते, याचे प्रकरण लेखकांनी आटोपशीर ठेवले आहे, ते बरे केले. कॅलिफोर्नियातल्या कारुक, युरोक आणि इतर मूळ जमाती हजारो वर्षे हलक्या आगी लावून रान मोकळे ठेवत. १८५० च्या राज्याच्या एका कायद्याने त्यांना गवताळ प्रदेश पेटवण्याबद्दल शिक्षा ठरवली. १९३५ मध्ये वनसेवेने प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझवायची असा दंडक घातला. शतकभराचे जळण साठले. त्यात उष्णता वाढली, आणि डोंगरउतारांवर घरे गेली. हे सगळे खरे आहे आणि त्यावर काम व्हायलाच हवे. फक्त घरमालकाने त्या कामाच्या पूर्ततेची वाट पाहत बसू नये.

तीच गोष्ट अग्निशमन दलाची. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्समध्ये आग विझवताना नळ कोरडे पडले म्हणून गदारोळ झाला. डोंगरावरच्या दहा-दहा लाख गॅलनच्या तीन टाक्या पहाटेपर्यंत रित्या झाल्या होत्या, आणि जवळचा एक मोठा जलसाठा दुरुस्तीसाठी रिकामा होता. चौकशी व्हायलाच हवी होती. पण शहराचा पाणीपुरवठा एका वेळी एक-दोन इमारती विझवण्याच्या हिशेबाने बांधलेला असतो. शेकडो घरे एकदम पेटली, प्रत्येक जळक्या घराच्या फुटलेल्या नळातून पाणी वाहून गेले, की कोणत्याही शहराचा दाब टिकत नाही. अशा रात्री बंब आपल्या दारी येईल हे गृहीत धरून केलेली तयारी ही तयारी नव्हे.

पुस्तकातला मला सर्वांत जवळचा वाटलेला भाग शेवटचा आहे, घर सोडून निघण्याचा. पॅरडाइजमध्ये गेलेल्यांपैकी बहुतेक पासष्टीच्या पुढचे होते. काहींकडे गाडी नव्हती, काहींना चालवता येत नव्हती, काहींना निरोप मिळाला नाही, काही घरातच सापडले. लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडीनात २०२५ च्या आगीत पश्चिम भागाला निघण्याचा आदेश कित्येक तास उशिरा पोहोचला, आणि तिथल्या जवळजवळ सर्व मृत्यूंची नोंद त्याच भागात आहे. आता आपल्या घरांकडे पाहा. सून-मुलगा कामावर, नातवंडे शाळेत, आणि डोंगराच्या कडेच्या त्या मोठ्या घरात दिवसभर आई-बाबा दोघेच. त्यांना इथली गाडी चालवता येत नाही. फोन भारतातला किंवा मुलाच्या नावावरचा. गल्लीचे नाव पाठ आहे, पण इव्हॅक्युएशन झोन नावाची काही चीज असते हे कोणी सांगितलेले नाही. वॉर्निंग आली तर तयारी करून थांबायचे आणि ऑर्डर आली तर लगेच निघायचे, असा रिवाज आहे. वृद्धांनी मात्र वॉर्निंगलाच निघावे, असे लेखक म्हणतात, आणि ते अगदी बरोबर आहे.

वीज गेली तर गॅरेजचा दरवाजा हाताने कसा उघडायचा? हा प्रश्न बारीक वाटतो. २०१७ च्या आगींत काही म्हातारी माणसे त्या एका दरवाजापाशी अडकली, म्हणून राज्याला २०१८ मध्ये कायदा करावा लागला. जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या गॅरेजच्या यंत्राला बॅटरी असणे बंधनकारक आहे. त्याआधीचे यंत्र असेल तर त्याची लाल दोरी कुठे आहे आणि ती ओढल्यावर दरवाजा किती जड लागतो, हे बाबांनी एकदा स्वतः करून पाहावे. मुलाने दाखवून उपयोग नाही.

इशाऱ्यांवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. ९ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिस काउंटीतल्या सुमारे एक कोटी लोकांच्या फोनवर चुकून निघण्याचा इशारा वाजला. ज्यांना खरोखर निघायचे होते त्यांना मात्र दोन दिवस आधीच्या रात्री तो वेळेवर मिळाला नव्हता. २०२१ मध्ये सुरू झालेले वॉच ड्यूटी हे विनामूल्य ॲप आता अनेकांना सरकारी निरोपाइतकेच भरवशाचे वाटते. आई-बाबांच्या फोनवर ते पहिल्याच आठवड्यात डाउनलोड करून द्यावे. आणि इतके करूनही धूर दिसला, वारा सुटला आणि कोणाचाच निरोप आला नाही, तर निघण्यासाठी परवानगी लागत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावे. आपली पिढीजात सवय अशी की सांगितल्याशिवाय उठायचे नाही, मुलाला कामात फोन करून त्रास द्यायचा नाही.

रस्ता अडला तर काय, हेही पुस्तकात आहे. ते वाचताना कोणाच्याही पोटात गोळा येईल, पण वगळू नका. निस्टने केलेल्या पॅरडाइजच्या अभ्यासात अशी कितीतरी ठिकाणे नोंदली आहेत जिथे बाहेर पडू न शकलेली माणसे मोकळ्या पार्किंगच्या डांबरावर, खडीच्या मैदानावर थांबून वाचली. अशी जागा आपल्या घरापासून कोणत्या बाजूला आहे, हे आधी ठरलेले असावे. मेलबर्नकडच्या वाचकांना या संदर्भात ब्लॅक सॅटर्डे आठवेल. ७ फेब्रुवारी २००९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात वणव्यांत १७३ माणसे गेली. तोवर तिथे एकतर लवकर निघा, नाहीतर तयारीनिशी घरी थांबून घर वाचवा, असा सल्ला दिला जात असे. त्यानंतरच्या शाही आयोगाने त्याची कसून तपासणी केली, आणि अतितीव्र आगीच्या दिवशी निघून जाणे हाच मुख्य मार्ग, असा सूर पक्का झाला. घर वाचवण्याची सगळी मेहनत आगीआधीची. त्या दिवशी घर एकटे सोडायचे असते, आणि चांगले तयार केलेले घर एकटेही टिकू शकते.

एका ठिकाणी लेखकांशी माझा मतभेद आहे. विम्याच्या प्रकरणात त्यांनी फार आशा दाखवली आहे. स्टेट फार्मने मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात घरांच्या नव्या पॉलिसी देणे थांबवले. इतर कंपन्यांनीही हात आखडला. उरला तो फेअर प्लॅन, शेवटचा आसरा म्हणून काढलेला, महाग आणि तोकडा. २०२२ च्या राज्याच्या नियमाप्रमाणे घर आगीविरुद्ध सज्ज केले तर कंपनीने हप्त्यात सवलत द्यायला हवी. ती मिळते. पण सवलत द्यावी लागणे आणि पॉलिसी द्यावी लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जाळी बदलली, कुंपण बदलले, तरी नूतनीकरण नाकारल्याचे पत्र येऊ शकते. तेव्हा ही कामे विम्यासाठी करू नयेत, घरासाठी करावीत. खर्चाची भीतीही थोडी फुगवलेली आहे. हेडवॉटर्स इकॉनॉमिक्सने २०१८ मध्ये दाखवले की आगीला तोंड देणारे नवे घर बांधायला साध्या घराएवढाच खर्च येतो. जुने घर सुधारायचे असेल तर मात्र खिसा हलका होतो, विशेषतः छप्पर आणि खिडक्यांना, आणि ज्यांना तो झेपत नाही त्यांच्याबद्दल पुस्तक जवळजवळ काही बोलत नाही. पुढच्या आवृत्तीत भाडेकरूंबद्दलही लिहावे. कुंपण बदलण्याचा अधिकार त्यांना नसतो.

भिंतीलगतच्या पाच फुटांबद्दलचा वाद अजून मिटलेला नाही, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. २०२० मध्ये विधिमंडळाने तो पट्टा न जळणारा ठेवण्याचा कायदा केला. नियम १ जानेवारी २०२३ पर्यंत ठरायचे होते, ते ठरले नाहीत. लॉस एंजेलिसच्या आगींनंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यपालांनी आदेश काढून त्यांना पुन्हा चालना दिली. पाणी दिलेले हिरवे झाड भिंतीपाशी राहू द्यावे की नाही, सावलीचे काय, उन्हाळ्यात घर तापेल त्याचे काय, यावर तज्ज्ञांमध्येही दोन तट आहेत. माझा कल काढून टाकण्याकडे आहे. पण तुळस कुंडीत असते, ती वारा सुटला की उचलून आत आणता येते. या वादात ती ओढू नये.

पुस्तकाच्या शेवटी एक पान कोरे सोडले आहे. त्यावर रकाने आहेत ते झोनच्या क्रमांकाचे, बाहेर पडण्याच्या दोन रस्त्यांचे, तीस फुटांवरच्या शेजाऱ्याच्या नावाचे आणि फोनचे, आणि पिशवीत काय भरायचे त्याचे. पासपोर्ट, प्रवासविम्याचा कागद, रक्तदाबाच्या गोळ्या, कानाचे यंत्र, फोनचा चार्जर. ते पान आई-बाबांबरोबर बसून भरावे आणि फ्रिजवर लावावे. अक्षर मराठीत आणि भरपूर मोठे काढावे. ते वाचायची वेळ येईल तेव्हा चष्मा हाताशी असेलच असे नाही.